नवीन पार्ट टाकला आणि पीसी चालू होईना? आधी एक पाऊल मागे या!



आज माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. घरून धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाला आपल्या पीसीचा एखादा पार्ट बदलता आला पाहिजे, हे तुम्ही बऱ्याच जणांकडून ऐकलं असेल. मला ते अर्धंच पटतं. पार्ट बसवणं सोपं आहे. चार स्क्रू, दोन क्लिपा, झालं काम. खरं शिकायचं ते त्याच्या पुढचं: पार्ट बसवल्यावर पीसी चालू झाला नाही, तर न घाबरता, क्रमाने, चूक कुठे आहे ते शोधणं. ज्याला हे येत नाही त्याने पार्ट बदलायला हात घालू नये. आणि ज्याला धंदा करायचाय त्याने हे शिकल्याशिवाय राहू नये.

आता तुम्ही म्हणाल, दादा, आम्हाला धंदा शिकायचाय, कॉम्प्युटर मेकॅनिक नाही व्हायचं. थांबा, तिकडेच येतोय.

हा विषय आत्ता का?

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ठरावीक पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे गावोगावी घरातले जुने पीसी उघडले जातायत. कुणी एसएसडी टाकतंय, कुणी रॅम वाढवतंय, कुणी मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलतंय. यातले अर्धे पीसी नावाला घरचे आहेत. त्यावर कुणी ऑनलाइन फॉर्म भरतं, कुणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतं, कुणी श्रीलिपीत पत्रिका बसवतं, कुणी दहा दुकानांचं जीएसटीचं काम करतं. म्हणजे तो पीसी नाही, ते तुमचं काउंटर आहे. तो बंद म्हणजे शटर खाली.

समजा तुम्ही दिवसाला २० फॉर्म भरता आणि एका फॉर्ममागे तुम्हाला ५० रुपये सुटतात. पीसी तीन दिवस बंद राहिला तर ३,००० रुपये गेले. शिवाय जे गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं ते परत येईलच असं नाही. आणि हेच तीन दिवस १८, १९, २० तारखेचे असतील आणि तुमच्याकडे जीएसटीआर-३बी ची कामं असतील, तर नुसते पैसे नाही, शब्द जातो. छोट्या धंद्यात शब्द गेला की परत कमवायला वर्ष लागतं.

"मेकॅनिकला द्या ना, आपला वेळ महत्त्वाचा!"

हा सल्ला मोठ्या शहरात ठीक आहे. खाली उतरलं की दुकान. आपल्या कवठे येमाईत, टाकळी हाजीत, मलठणला बसून विचार करा. सीपीयू उचलायचा (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, तर आपणही म्हणू), गाडीवर पुढे धरायचा, खड्ड्यातून शिरूरला न्यायचा. तिथे सांगणार, "ठेवून जा, उद्या फोन करतो." उद्या कळणार की रॅम नीट बसली नव्हती. काम दोन मिनिटांचं, गेले दोन दिवस. दौंडच्या बाजूला राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी नाही.

मेकॅनिकची गरजच नाही असं मी म्हणत नाही. कुठे थांबून त्याच्याकडे जायचं तेही पुढे सांगतो. पण तुम्ही जाऊन नुसतं "चालू होत नाही" म्हणालात, तर तो शून्यापासून सुरू करणार. "जुनी रॅम लावली की चालू होतो, नवीन लावली की पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, दोन्ही स्लॉटमध्ये करून बघितलं" असं सांगितलंत, तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं. तुमचा वेळही वाचतो आणि तुम्हाला कुणी गुंडाळू पण शकत नाही.

पार्ट तुम्ही जोडलेत, मग तपासणी पण तुमचीच

एक गोष्ट समजून घ्या. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी काढला तेव्हा प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची घेतली, बाकीचेही बरेच पार्ट बाजारात मिळणारेच वापरले आणि मशीनच्या रचनेची माहिती छापून खुली केली. त्यातूनच पुढे कुठल्याही कंपनीचा पार्ट कुठल्याही कंपनीच्या पार्टला जोडायची पद्धत पडली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, तिथली असेंबल पीसीची दुकानं त्याच्यावरच उभी राहिली.

पण याची दुसरी बाजू बघा. ब्रँडेड पीसी घेतला की सगळे पार्ट एकमेकांशी जुळतात का, हे कंपनीने तपासलेलं असतं. तुम्ही रॅम एका कंपनीची, एसएमपीएस दुसऱ्याचा, बोर्ड तिसऱ्याचा घेता तेव्हा प्रत्येक कंपनी फक्त आपल्या पार्टची गॅरंटी देते. जोडीची गॅरंटी कुणी देत नाही. ती जोडी तुम्ही केली, म्हणजे त्या मशीनचे उत्पादक तुम्हीच. क्वालिटी चेकिंगही तुमच्याकडेच आलं. धंद्याचा पहिला धडा इथेच आहे.

नियम एकच: एका वेळी एक बदल

नवीन माणूस काय करतो? ऑनलाइन ऑर्डर एकदम येते. रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड. उत्साहात तिन्ही एका बैठकीत बसवतो. बटण दाबतो, डिस्प्ले येत नाही. आता तीन पार्टपैकी दोषी कोण? की बसवताना एखादी जुनी केबल निघाली? मग तो अंदाजाने काहीतरी चौथंच बदलतो आणि गुंता वाढतो.

म्हणून: एक पार्ट बसवा, पीसी चालू करा, तासभर रोजचं काम करा, मगच दुसरा. वेळ लागतो, मान्य. पण बिघाड झाला तर कारण तुमच्या हातात असतं.

आणि बिघाड झालाच तर पहिलं काम दुरुस्ती नाही. पहिलं काम मागे येणं. नवीन पार्ट काढा, जुना होता तसा लावा. चालू झाला? मग बाकी सगळं ठीक आहे, संशय फक्त नवीन पार्टवर किंवा तो बसवण्यावर. जुन्यावरही चालू होत नाही? मग हात लागून काहीतरी निघालंय किंवा दुखावलंय. एवढ्या एका पायरीने निम्मा शोध संपतो. आपली माणसं मात्र मागे यायला लाजतात. "एवढे पैसे घालून आणलंय, परत जुनंच लावू?" हो, लावा! लाज कसली त्यात.

आता लक्षणं बघू

आधी सुरक्षा. प्लग काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेला करंट जातो. पार्टला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. एसएमपीएसचा डबा कधीच उघडायचा नाही, प्लग काढला तरी आत करंट साठलेला असतो. आणि पीसी चालू असताना कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर घरात अर्थिंग नीट नाही. अपग्रेड राहू द्या, आधी वायरमनला बोलवा.

१. बटण दाबलं, काहीच होत नाही. एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण बघा. बोर्डाची मोठी २४ पिनची केबल पूर्ण आत गेलीय का ते दाबून बघा. कॅबिनेटच्या पॉवर बटणाची बारीक दोन पिनांची वायर बोर्डावर योग्य जागी आहे का, ते बोर्डाच्या पुस्तिकेत बघून तपासा. बोर्ड बदलला की ही वायर हमखास चुकते.

२. पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही. सगळ्यात जास्त हेच होतं. या क्रमाने जा:

– ग्राफिक कार्ड टाकलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. कार्डाला वेगळी पॉवर केबल लागत असेल तर ती दिलीय का बघा.

– प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची पॉवर केबल राहिली तर पंखे फिरतात आणि पुढे काहीच होत नाही. ती बघा.

– रॅम काढा, पुन्हा बसवा. क्लिप लागल्याचा 'टक्' आवाज आला पाहिजे. जुनी रॅम असेल तर तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवायची आपल्याकडची जुनी युक्ती खोटी नाही, फक्त रबराचा भुगा कोरड्या कपड्याने झटकून मगच लावा.

– दोन रॅम असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, ती तुमच्या बोर्डाची नाहीच.

– बोर्डावरचा सीआर २०३२ बटण सेल प्लग काढलेल्या अवस्थेत पाचेक मिनिटं बाहेर ठेवा आणि परत लावा. बायोसच्या बदललेल्या सेटिंग मूळ पदावर येतात.

– बऱ्याच नवीन बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतात. जो दिवा पेटून थांबला, तपास तिथून सुरू. दिवे नसतील तर बीप मोजा आणि पुस्तिकेत अर्थ बघा. प्रत्येक बायोसची बीपची भाषा वेगळी असते.

– इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे, त्यात डिस्प्लेची सोय नसते. त्याला ग्राफिक कार्ड लागतंच. स्वस्त पडला म्हणून 'एफ' घेतला आणि बोर्डाला मॉनिटर लावून बसला, तर कयामतपर्यंत डिस्प्ले येणार नाही.

– नवीन डीडीआर५ बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमची ओळख करून घ्यायला काही मिनिटं घेऊ शकतो. दहा सेकंदांत घाबरून प्लग खेचू नका.

३. डिस्प्ले येतो, पण विंडोज येत नाही. बायोसमध्ये जा. तिथे एसएसडीचं नाव दिसतंय का? नाही दिसत, तर केबल किंवा स्लॉट. एम.२ स्लॉटमध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात, बोर्ड कोणता घेतो ते आधी बघायचं. काही बोर्डांवर एम.२ मध्ये एसएसडी लावली की एखादा साटा पोर्ट बंद होतो, मग लोकांना वाटतं जुनी हार्डडिस्क मेली. नाव दिसतंय तर बूटचा क्रम बघा, बऱ्याचदा पीसी जुन्या डिस्कवरच विंडोज शोधत असतो. बोर्ड बदलल्यावर ४८ आकडी बिटलॉकर की मागितली, तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडू शकते. ती काम सुरू करायच्या आधी कागदावर लिहून ठेवली असेल तर प्रश्न दोन मिनिटांचा. ती कुठेच नसेल तर डेटा गेला समजा.

४. चालतो, पण मध्येच बंद पडतो, हँग होतो. आधी गरमी बघा. कूलर काढून बसवला असेल तर जुनी पेस्ट पुसून नवीन लावली का? नवीन कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक सोललं का? मग पॉवर. घरात साधा ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटच देतो. ग्राफिक कार्ड टाकल्यावर व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की यूपीएस ओरडतो आणि सगळं बंद. लोक कार्ड खराब म्हणून परत पाठवतात, दोष बिचाऱ्या यूपीएसचा. पार्टच्या बजेटमध्ये एसएमपीएस आणि यूपीएस धरलाच पाहिजे, आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं म्हणून तर नक्कीच. शेवटी रॅम. जुनी आणि नवीन वेगळ्या स्पीडची एकत्र लावली असेल, तर एकेक लावून विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक चालवा.

खरेदीच्या आधीचा अर्धा तास

वरचं सगळं पाठ करायची गरज नाही. गरज आहे एका दोनशे पानी वहीची. मी शिकवतो त्या प्रत्येकाला सांगतो, पीसी उघडायच्या आधी वही उघडा. त्यात लिहा: बोर्डाचं मॉडेल, आत्ताची रॅम, एसएमपीएसचे वॅट, विंडोजचं खातं, बिटलॉकर की. मोबाइलने आतले फोटो काढा, चारही बाजूंनी. टॅलीचा डेटा, गिऱ्हाइकांच्या फायली पेनड्राइव्हवर आणि आणखी एका जागी घ्या. श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर असेल तर त्याचं लॉक आणि फॉन्ट कुठे आहेत ते बघा. बिलं आणि खोके वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या.

या अर्ध्या तासात कधीकधी खरेदीच टळते. विंडोज ११ साठी "टीपीएम नाही" असा मेसेज आला की माणूस थेट नवीन बोर्ड बघायला लागतो. पण बऱ्याच पीसीत टीपीएमची सोय असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. तिथे एक सेटिंग चालू केली की काम झालं. प्रोसेसरच यादीत बसत नसेल तर गोष्ट वेगळी. पण आधी तपासा, मग खिशात हात घाला.

कुठे थांबायचं?

जळका वास आला, धूर दिसला, बोर्डाच्या सॉकेटमधली पिन वाकली, एसएमपीएसमधून आवाज आला, तर लगेच थांबा. प्लग काढा, मेकॅनिक गाठा. हार्डडिस्क टकटक वाजतेय आणि तिच्यावर बॅकअप नसलेला डेटा आहे, तरी थांबा. तिथे चालू-बंद करत बसलात तर उरलेला डेटाही जाईल. आणि सगळ्या पायऱ्या करून दोन तासांत कारण सापडलं नाही तरी थांबा. वही घ्या, दुकान गाठा. स्वतः करून बघण्याला पण मर्यादा असते.

आणखी एक. महिन्याच्या १५ ते २० तारखेत, किंवा लग्नसराईत ऑर्डर हातात असताना पीसी उघडायचा नाही. कितीही हौस आली तरी नाही. काम कमी असेल तो दिवस धरा, सकाळी सुरू करा, म्हणजे अडलंच तर दुकानं उघडी असतात.

यात धंदा कुठे आला?

सगळीकडे! तुम्ही मसाल्याचं पॅकिंग बदललं, भाव पाच रुपयांनी वाढवला आणि माल देणारा पण बदलला, तिन्ही एकाच आठवड्यात. विक्री पडली. आता सांगा, गिऱ्हाईक कशाने तुटलं? पिशवीमुळे, भावामुळे, की चव बदलली म्हणून? सांगता येणार नाही. मग माणूस घाबरून जाहिरातीवर खर्च करतो, म्हणजे चौथा बदल. पीसीच्या बाबतीत झालं होतं तेच.

एका वेळी एक बदल. बदलाआधी नोंद. बिघडलं तर आधी मागच्या चालू स्थितीला या, मग शांत डोक्याने कारण शोधा. बीबीएला मला मॅनेजमेंटची बरीच जाड पुस्तकं होती, पण ही सवय अंगी बाणवायला उघडलेल्या पीसीसारखा मास्तर नाही. तो खोटं बोलत नाही, तुमची मर्जी राखत नाही. केबल राहिली की राहिली. शिवाय इथली चूक बहुतेक वेळा परत दुरुस्त करता येते. धंद्यातली प्रत्येक चूक तशी नसते. म्हणूनच म्हणतो, ही शिस्त स्वस्तात शिकायची असेल तर घरच्या पीसीवर शिका.

आजचं काम: नवीन काहीही विकत घेऊ नका. प्लग काढा, साइडचं झाकण उघडा, फोटो काढा आणि वहीचं पहिलं पान भरा. एसएमपीएस किती वॅटचा आणि यूपीएस किती व्हीएचा निघाला ते खाली कमेंटमध्ये लिहा. त्यावरून तुमच्या पीसीला कोणता पार्ट झेपेल ते आपण पुढच्या व्हिडिओत बघू.

भेटू लवकरच!